सांकवाळच्या धर्मानंदांनी रुजवलेला विषय

जून महिना उजाडला की गोव्यातील महाविद्यालयांच्या कार्यालयांपुढे प्रवेशाच्या रांगा लागतात. विज्ञान, वाणिज्य, अभियांत्रिकी यांच्या याद्या लागून झाल्या की मग कला शाखेची चर्चा सुरू होते. कला शाखेकडे वळणाऱ्या मुलाला घरात पहिला प्रश्न विचारला जातो तो पुढे काय, असा. महाविद्यालयाचा प्रश्न वेगळा असतो. एखाद्या विषयाला किती विद्यार्थी आले, वर्ग भरवण्याइतके आले का, आणि न आल्यास तो विषय चालू ठेवावा की बंद करावा, याचा हिशेब तेथे मांडला जातो. संस्कृत, तत्त्वज्ञान, प्राचीन इतिहास, अभिजात भाषा या विषयांच्या वाट्याला हा हिशेब दरवर्षी येतो. या हिशेबात काय सुटून जाते हे समजून घ्यायचे असेल तर गोव्याच्याच मातीतून निघालेल्या एका माणसाचे चरित्र वाचावे. ते चरित्र आचार्य धर्मानंद दामोदर कोसंबी यांचे आहे.

धर्मानंदांची ओळख बहुतेकांना दोन वाटांनी होते. कोणी त्यांना थोर गणिती व इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी यांचे वडील म्हणून ओळखतो, तर कोणी 'निवेदन' या मराठीतील अव्वल दर्जाच्या आत्मचरित्राचे लेखक म्हणून. बौद्ध धर्माचे अभ्यासक हा त्यांचा परिचय सर्वत्र दिला जातो. परंतु पाली हा विषय महाविद्यालयात शिकवला जावा, त्याची परीक्षा व्हावी, त्याला शिक्षक मिळावा आणि विद्यार्थीही मिळावेत यासाठी त्यांनी वेचलेली वर्षे मात्र मागे राहून जातात. ज्याने स्वतः महाविद्यालयाची पायरी विद्यार्थी म्हणून कधी चढली नाही, त्याने महाविद्यालयात एक विषय रुजवला, ही गोष्ट त्यांच्या आयुष्याच्या मध्यभागी आहे.

माडांच्या बागेतून काशीपर्यंत

९ ऑक्टोबर १८७६ रोजी साष्टीतील सांकवाळ या गावी धर्मानंदांचा जन्म झाला. हा गाव आज मुरगाव तालुक्यात मोडतो. सारस्वत कुटुंब, थोडी माडांची बागायत, वाढते कर्ज आणि घरात आजारपण अशी परिस्थिती होती. पोर्तुगीज अमलाखालील गोव्यात मराठी शिकू इच्छिणाऱ्या मुलासाठी गावातील पंतोजींच्या शाळेपलीकडे फारशी सोय नव्हती. पणजीला वैद्यकीय विद्यालय होते. पण कला, भाषा, इतिहास यांचे उच्च शिक्षण देणारी संस्था अख्ख्या गोव्यात नव्हती. धर्मानंदांची शाळाही प्रकृतीमुळे व घरच्या अडचणींमुळे वारंवार तुटली. पंधरा वर्षांचे होण्याच्या सुमारास त्यांचे लग्न बाळाबाईंशी झाले आणि बागेतील नारळांचा हिशेब पाहण्यात दिवस जाऊ लागले.

शिक्षण थांबले तरी वाचन थांबले नाही. तुकोबांच्या गाथेने त्यांना धीर दिला. विनायक कोंडदेव ओक यांच्या 'बालबोध' मासिकात आलेले बुद्धाचे छोटेसे चरित्र त्यांच्या हाती पडले आणि त्यांच्या मनाने ठाव सोडला. मुलांसाठी लिहिलेल्या त्या चार पानांतून त्यांना एवढेच कळले की या माणसाचे म्हणणे मुळातून समजून घेतले पाहिजे. ते मुळातून समजायचे तर कोणती भाषा शिकावी लागेल, ती कोठे शिकवतात, याची त्यांना कल्पना नव्हती. सांगणारेही कोणी जवळ नव्हते.

वडिलांच्या निधनानंतर, १८९९ सालाच्या अखेरीस त्यांनी घर सोडले. मागे तरुण पत्नी होती आणि माणिक ही तान्ही मुलगी होती. हा निर्णय त्यांच्या चरित्रकारांना नेहमीच अडचणीत टाकतो, आणि तो टाकलाही पाहिजे. ज्ञानासाठी घर सोडणाऱ्याचे कौतुक करताना, मागे राहिलेल्या बाईने नातेवाइकांच्या आधाराने कसे दिवस काढले असतील याचा विसर पडता कामा नये. धर्मानंदांना ती टोचणी आयुष्यभर होती, हे 'निवेदना'च्या पानोपानी जाणवते.

पुण्यात ते डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांना भेटले. प्रार्थना समाजाच्या मंडळींत काही काळ राहिले. तेथे त्यांच्या ध्यानात आले की बौद्ध ग्रंथांकडे जाण्यापूर्वी संस्कृत हाताशी असले पाहिजे, आणि पैसा जवळ नसलेल्या मुलाला संस्कृत शिकण्याची खात्रीची जागा म्हणजे काशी. उज्जैन, इंदूर, ग्वाल्हेर या मराठी संस्थानांच्या वाटेने, ओळखीपाळखीच्या मराठी माणसांच्या मदतीवर, कधी आगगाडीने तर कधी पायी ते काशीस पोहोचले.

काशीची व्यवस्था आजच्या महाविद्यालयांहून अगदी वेगळी होती. तेथे प्रवेशअर्ज नव्हता, शुल्क नव्हते, पदवीही नव्हती. शास्त्रीबोवांच्या घरी जाऊन व्याकरण शिकायचे आणि दात्यांनी चालवलेल्या अन्नछत्रात जेवायचे, असा तो क्रम होता. मात्र या व्यवस्थेचे दार जातीने अडवलेले होते. अन्नछत्रातील पान ब्राह्मण विद्यार्थ्यापुढेच वाढले जाई. धर्मानंदांना तिचा लाभ मिळाला, आणि ती कोणाला नाकारली जाते हेही त्यांनी जवळून पाहिले. पुढे ते शिक्षण सर्वांसाठी खुले असावे यासाठी आग्रही राहिले, त्याचे मूळ या अनुभवात शोधता येते.

चीवर आणि उंबरठा

काशीहून ते नेपाळात गेले. बुद्धाच्या जन्मभूमीच्या परिसरात धर्म जिवंत असेल या आशेने गेलेल्या या तरुणाच्या पदरी निराशा आली. बुद्धगयेला त्यांना कळले की मूळ ग्रंथ शिकायचे तर सिंहलद्वीपाला गेले पाहिजे. हाती जवळजवळ काही नसताना ते कलकत्ता, मद्रास असे करीत कोलंबोस पोहोचले. १९०२ साली तेथील विद्योदय विद्यालयात आचार्य सुमंगल महास्थविरांच्या हाताखाली त्यांनी श्रामणेराची दीक्षा घेतली आणि पालीचा रीतसर अभ्यास आरंभला.

पाली ही बुद्धवचनांची भाषा म्हणून मान्यता पावली असली तरी तिला स्वतःची अशी लिपी नाही. सिंहलात ती सिंहली अक्षरांत लिहितात, ब्रह्मदेशात ब्रह्मी अक्षरांत, सयामात तिकडच्या लिपीत. लंडनमध्ये १८८१ साली स्थापन झालेली पाली ग्रंथ संस्था हे ग्रंथ रोमन अक्षरांत छापत होती. ज्या देशात ही भाषा जन्मली त्या देशाच्या नागरी लिपीत मात्र अभ्यासाला पुरतील एवढे ग्रंथ उपलब्ध नव्हते. धर्मानंदांनी सिंहली लिपी शिकून घेतली. पुढे ब्रह्मदेशात जाऊन तिकडचीही शिकले. हा खटाटोप आपल्यापुरता पार पडला, परंतु पुणे-मुंबईच्या सामान्य विद्यार्थ्याकडून इतकी अपेक्षा करता येणार नाही, हे त्यांनी ओळखले होते. नागरी लिपीतील पुस्तक हाती असल्याखेरीज आपल्याकडे पालीचा वर्ग भरणार नाही, ही खूणगाठ तेव्हाच बांधली गेली.

सिंहल, मद्रास, ब्रह्मदेश आणि मग सारनाथ, कुशिनारा, राजगृह अशी भिक्षुवेषातील भ्रमंती काही वर्षे चालली. त्यातील मोठा भाग त्यांनी पायी केला. १९०६च्या सुमारास त्यांनी एक अवघड निर्णय घेतला. भिक्षू राहून स्वतःची साधना होईल, पण आपल्या लोकांना हे ज्ञान पोहोचवण्याचे काम होणार नाही, असे वाटून त्यांनी चीवर उतरवले.

तो काळ बंगालमधील स्वदेशी चळवळीचा होता. सरकारी विद्यापीठाला पर्याय म्हणून कलकत्त्यात १९०६ साली राष्ट्रीय महाविद्यालय उघडले होते. तेथे पाली शिकवण्याचे काम धर्मानंदांना मिळाले. त्याच सुमारास सर आशुतोष मुखर्जी कलकत्ता विद्यापीठाचे कुलगुरू झाले होते आणि भारतीय भाषांच्या व विद्यांच्या उच्च अध्यापनाला त्या विद्यापीठात नवे बळ येत होते. बहुभाषाकोविद हरिनाथ डे यांनी धर्मानंदांची योग्यता ओळखली आणि विद्यापीठाचे दार त्यांच्यासाठी उघडले. मॅट्रिकही न झालेला गोव्याचा हा माणूस पदव्युत्तर विद्यार्थ्यांना शिकवू लागला. त्या काळच्या विद्यापीठाने कागदापेक्षा विद्या पाहिली, याचे श्रेय आशुतोषबाबूंना दिले पाहिजे.

पन्नास रुपयांची अट

येथवर एखाद्याचे आयुष्य मार्गी लागले असे म्हटले असते. कुटुंब परत जवळ आले होते. जुलै १९०७ मध्ये पुत्र दामोदरचा जन्म झाला होता. कलकत्त्याची नोकरी सुखाची होती आणि पगार वाढण्याची शक्यताही होती. तरीही धर्मानंदांच्या मनात एक सल होता. आपण हे सारे शिकलो ते आपल्या भाषेतील लोकांसाठी. आणि शिकवतो आहोत मात्र दूर बंगालात.

बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याशी झालेल्या परिचयातून एक तोडगा निघाला. धर्मानंदांनी महाराष्ट्रात कोठेही राहावे, दरवर्षी बडोदे संस्थानासाठी एखादे पुस्तक लिहून द्यावे, आणि संस्थानाने त्यांना तीन वर्षे दरमहा ५० रुपये द्यावेत, अशी ती व्यवस्था होती. कलकत्त्यातील वेतनाच्या मानाने ही रक्कम अल्प होती. धर्मानंदांनी ती स्वीकारली. आशुतोष मुखर्जींनी त्यांना थांबवून धरण्याचा प्रयत्न केला, तो त्यांनी नम्रपणे नाकारला. मराठी मुलखात पालीचे बी पेरायचे तर पेरणाऱ्याने त्या शेतात राहिले पाहिजे, असा हा साधा हिशेब होता.

या काळात त्यांनी व्याख्याने दिली, लेखन केले; 'बुद्ध, धर्म आणि संघ' हे पुस्तक याच वर्षांतले. परंतु त्यांना खरी आस होती ती मुंबई विद्यापीठाच्या अभ्यासक्रमाची. तेव्हाच्या विद्यापीठाची रचना लक्षात घेतली तर या आग्रहाचे कारण कळते. १८५७ साली स्थापन झालेले मुंबई विद्यापीठ तेव्हा मुख्यतः परीक्षा घेणारी संस्था होती. विषय कोणते, पुस्तके कोणती, प्रश्नपत्रिका कशी हे विद्यापीठ ठरवी. शिकवण्याचे काम पुण्या-मुंबईतील संलग्न महाविद्यालये करीत. विद्यार्थ्याला इंग्रजीबरोबर एक अभिजात भाषा घ्यावी लागे. संस्कृत, फारसी, लॅटिन अशा भाषा त्या यादीत होत्या. जी भाषा यादीत नाही, तिची परीक्षा नाही. जिची परीक्षा नाही, तिचा वर्ग कोणते महाविद्यालय काढणार? आणि वर्गच नाही तर तिच्यासाठी पुस्तक कोण छापणार? उलट बाजूने पाहिले तरी तेच. शिक्षक आणि पुस्तक नाही, तर विद्यापीठ तरी त्या भाषेला यादीत कशाला घेईल?

हे चक्र कोठेतरी फोडणे भाग होते. धर्मानंदांनी ते भांडारकरांच्या साहाय्याने फोडले. एकेकाळी मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू राहिलेल्या भांडारकरांचा शब्द तेथे वजनदार होता. त्यांच्या पाठिंब्याने पालीचा विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात समावेश झाला. दहा वर्षांपूर्वी पुण्यात भांडारकरांपुढे रिकाम्या हाताने उभा राहिलेला तरुण आता त्यांच्याच मदतीने विद्यापीठाच्या विषयांच्या यादीत एका भाषेची भर घालत होता.

फर्ग्युसनमधील सहा वर्षे

मध्यंतरी अमेरिकेचे बोलावणे आले. हार्वर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक जेम्स हॉटन वुड्स हिंदुस्थानात आले असता त्यांनी धर्मानंदांकडून पालीचे पाठ घेतले होते. हार्वर्डमध्ये हेन्री क्लार्क वॉरन या विद्वानाने पाचव्या शतकातील आचार्य बुद्धघोषांच्या 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथाचे संपादन हाती घेतले होते; १८९९ साली वॉरन निवर्तले आणि काम अर्धवट राहिले. ते पुरे करण्यासाठी धर्मानंद १९१० साली केंब्रिज-बोस्टनला गेले. ज्येष्ठ संस्कृतज्ञ चार्ल्स लॅनमन हे त्या ग्रंथमालेचे संपादक होते. संपादनाचे श्रेय कोणाचे यावरून दोघांत मतभेद झाला आणि १९१२ साली धर्मानंद परतले. समाजवादी विचारांची ओळख मात्र त्यांना याच मुक्कामात झाली आणि ती पुढे टिकली.

परत आल्यावर त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पालीचे अध्यापन पत्करले. डेक्कन एज्युकेशन सोसायटीने १८८५ साली स्थापन केलेले हे महाविद्यालय. अल्प वेतनावर आयुष्याची वर्षे वाहणाऱ्या आजीव सदस्यांच्या बळावर ते उभे राहिले होते. रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे तेव्हा प्राचार्य होते. पन्नास रुपयांवर समाधान मानलेल्या माणसाला हे वातावरण परके वाटण्याचे कारण नव्हते.

१९१२ ते १९१८ ही सहा वर्षे बाहेरून पाहता अगदी साधी आहेत. त्यांत प्रवास नाही, साहस नाही. वर्गात जायचे, व्याकरण शिकवायचे, जातककथा वाचून घ्यायच्या, परीक्षेसाठी मुले तयार करायची. चरित्रलेखक या वर्षांवरून घाईने पुढे जातात. पण धर्मानंदांनी आयुष्यात जे अनेक उद्योग केले त्यांतील सर्वांत टिकाऊ काम या शांत वर्षांत झाले.

पालीसारख्या नव्या विषयाच्या वर्गात गर्दी होण्याची शक्यता नव्हती. संस्कृत हे प्रतिष्ठेचे होते, घराघरांत त्याची परंपरा होती. पाली घेणारा विद्यार्थी वेगळी वाट धरत होता. त्या मोजक्या विद्यार्थ्यांतून जे निघाले त्यांची नावे पाहावीत. पुरुषोत्तम विश्वनाथ बापट फर्ग्युसनमध्येच पालीचे प्राध्यापक झाले. ना. का. भागवत मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात पाली शिकवू लागले. चिंतामण वैजनाथ राजवाडे बडोदे महाविद्यालयात गेले. एका वर्गातून तीन शहरांत तीन वर्ग उभे राहिले. सयाजीरावांनी दिलेल्या पन्नास रुपयांची परतफेड अशा रीतीने बडोद्याला प्राध्यापकाच्या रूपाने झाली, असे म्हणायला हरकत नाही.

या शिष्यांनी ती नागरी लिपीची खूणगाठही सोडवली. बापटांनी १९२४ साली 'सुत्तनिपात' नागरीत संपादून प्रसिद्ध केला. भागवतांनी मुंबई विद्यापीठाच्या देवनागरी पाली ग्रंथमालेसाठी मूळ ग्रंथ संपादले. बापट पुढे हार्वर्डला गेले, १९३२ साली तेथे डॉक्टर झाले. त्यांच्या अभ्यासाचा विषय 'विमुत्तिमग्ग' आणि 'विसुद्धिमग्ग' यांची तुलना हा होता. ज्या ग्रंथासाठी गुरू सागर ओलांडून गेले, त्याच ग्रंथाने शिष्यालाही तिकडे नेले. बुद्धनिर्वाणाच्या अडीच हजाराव्या वर्षी, १९५६ साली, भारत सरकारने जो प्रसिद्ध ग्रंथ काढला त्याचे संपादन बापटांचे होते.

या सहा वर्षांत धर्मानंदांचे लेखनही चालूच होते. बुद्धचरित्रावरील 'बुद्धलीलासारसंग्रह' १९१४ साली निघाला. याच काळात गोव्यातील 'भारत' या पत्रातून त्यांचे आत्मनिवेदन क्रमशः प्रसिद्ध होऊ लागले. १९२४ साली ते पुस्तकरूपाने आले. घर सोडून गेलेला माणूस आपली हकीकत सर्वांत आधी गोवेकरांना सांगत होता.

वर्गाबाहेरची विद्यापीठे

१९१८ साली ते पुन्हा हार्वर्डला गेले, तेव्हा माणिक व दामोदर ही दोन मुले बरोबर होती. माणिकबाईंनी रॅडक्लिफ महाविद्यालयातून पदवी घेतली. ज्या मुलीला पाळण्यात टाकून वडील निघून गेले होते, तिला त्यांनी जगातील एका नामांकित महिला महाविद्यालयात शिकवले. झालेली हानी याने भरून आली असे कोणी म्हणणार नाही. पण मुलींच्या शिक्षणाविषयीचे त्यांचे मत केवळ व्याख्यानापुरते नव्हते, एवढे त्यावरून दिसते. दामोदर पुढे हार्वर्डचे पदवीधर झाले आणि १९३०च्या दशकात पुण्याच्या त्याच फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवू लागले.

१९२२ साली परतल्यावर धर्मानंद महात्मा गांधींनी स्थापिलेल्या अहमदाबादच्या गुजरात विद्यापीठात गेले. तेथील पुरातत्त्व मंदिरात मुनी जिनविजय, पंडित सुखलाल अशा जैन विद्वानांसमवेत त्यांनी काम केले. सरकारी मान्यता न घेणाऱ्या या विद्यापीठाची पदवी नोकरीच्या बाजारात चालत नव्हती. चळवळीचा भर ओसरला की अशा संस्थांकडे येणारा विद्यार्थ्यांचा ओघही आटतो, ही अडचण त्या काळच्या सर्वच राष्ट्रीय शिक्षणसंस्थांना भोवली. धर्मानंदांनी सरकारमान्य महाविद्यालय आणि राष्ट्रीय विद्यापीठ ही दोन्ही रूपे आतून पाहिली. परीक्षेच्या यादीतील जागेची किंमत त्यांना ठाऊक होती आणि त्या यादीबाहेरच्या ज्ञानाचीही.

त्यानंतर तिसऱ्यांदा हार्वर्ड, १९२९ साली लेनिनग्राड, १९३० साली गोव्याच्या सीमेजवळील शिरोड्याचा मिठाचा सत्याग्रह आणि कारावास, पुन्हा हार्वर्ड, काशी असा प्रवास चालू राहिला. 'विसुद्धिमग्गा'ची नागरी आवृत्ती १९४० साली मुंबईच्या भारतीय विद्या भवनाने काढली. हार्वर्डची आवृत्ती १९५० साली, वॉरन यांच्या नावाशेजारी धर्मानंदांचे नाव घेऊन बाहेर पडली. ती पाहायला ते हयात नव्हते.

१९३७ साली मुंबईत परळच्या गिरणगावात त्यांनी बहुजन विहार उभारला. त्यासाठीचा पैसा जुगलकिशोर बिर्ला यांनी दिला. महाविद्यालयाच्या दारापर्यंत ज्यांना कधीच पोहोचता येत नाही अशा कामगारांसाठी, दलितांसाठी ही जागा होती. काशीच्या अन्नछत्रात जे दार बंद दिसले होते ते येथे उघडे होते. 'भगवान बुद्ध' हा त्यांचा सर्वांत वाचला गेलेला ग्रंथ यानंतरचा. रोगी, वृद्ध आणि प्रेत पाहून बुद्धाने घर सोडले ही प्रचलित कथा बाजूला ठेवून, शाक्य व कोलिय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याच्या तंट्याशी त्यांनी त्या गृहत्यागाचा संबंध जोडला. ही मांडणी पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या बुद्धविषयक ग्रंथातही आढळते.

शेवटच्या काळात व्याधींनी शरीर थकले. आपल्या हातून आता काही काम होणे नाही, मग इतरांवर भार का घालावा, या विचाराने त्यांनी अन्नत्यागाचा मार्ग धरला. गांधीजींनी एकदा त्यांना त्यापासून परावृत्त केले. अखेर सेवाग्रामच्या आश्रमात, जून १९४७च्या पहिल्या आठवड्यात त्यांनी देह ठेवला. देश स्वतंत्र होण्यास अवघे दोन-अडीच महिने उरले होते.

मागे काय उरले

धर्मानंदांच्या मृत्यूच्या आदल्या वर्षी, १९४६ साली, बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले. १९५० साली औरंगाबादला त्यांनी मिलिंद महाविद्यालय सुरू केले. १९५६च्या धर्मांतरानंतर महाराष्ट्रातील हजारो घरांत पाली ही अचानक जवळची भाषा झाली. त्या घरांतील पहिल्या पिढीची मुले महाविद्यालयांत आली तेव्हा पाली हा विषय परीक्षेच्या यादीत होता, शिकवणारे होते, आणि नागरीत छापलेली पुस्तके होती. चार दशकांपूर्वी फर्ग्युसनच्या वर्गात बसलेल्या मोजक्या विद्यार्थ्यांकडे पाहून कोणी हा विषय बंद केला असता, तर या मुलांसाठी काय शिल्लक राहिले असते? धर्मानंदांनी विषय लावला तेव्हा त्याचे खरे विद्यार्थी जन्मालाही आले नव्हते.

कला शाखेतील लहान विषयांचा हिशेब एका वर्षाच्या पटावर मांडला की नेमकी हीच गोष्ट नजरेआड होते. विज्ञानाची प्रयोगशाळा बंद पडली तर पैसा ओतून ती पुन्हा उघडता येते. एखाद्या भाषेचे शिक्षण एकदा तुटले की शिकवणाराच उरत नाही. मग सिंहलापर्यंत चालत जाणारा एखादा धर्मानंद जन्मावा लागतो. २०१३ साली केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेतील वैकल्पिक विषयांतून पाली वगळली गेली. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने मराठीबरोबरच पालीलाही अभिजात भाषेचा दर्जा दिला. एकीकडे यादीतून नाव जाते, दुसरीकडे सन्मान मिळतो. परीक्षेच्या यादीतील जागेसाठी झटलेल्या माणसाला या दोहोंपैकी कशाचे मोल अधिक वाटले असते, हे सांगण्याची गरज नाही.

गोव्याचा या कथेतील वाटा शेवटी नोंदवला पाहिजे. मुक्तीनंतर १९६२ साली पणजीत धेंपे आणि मडगावात चौगुले महाविद्यालय उघडले, तेव्हा ती दोन्ही मुंबई विद्यापीठाला संलग्न झाली. गोवा विद्यापीठ १९८५ साली सुरू झाले, तोवर आपल्या मुलांना पदवी मुंबईचीच मिळत होती. ज्या विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात सांकवाळच्या एका अर्धशिक्षित तरुणाने अर्धशतकापूर्वी एक विषय घातला होता, त्याच विद्यापीठाच्या छत्राखाली गोव्याच्या उच्च शिक्षणाने डोळे उघडले. पुत्राच्या नावाने आज गोव्यात विचारमहोत्सव भरतो, गोवा विद्यापीठात अध्यासन आहे. आणि ते योग्यच आहे. पित्याच्या नावाने काय करावे असा प्रश्न कोणाला पडला, तर पुतळ्याचा विचार जरा मागे ठेवावा. पाच-सात विद्यार्थी असले तरी न बंद होणारा पालीचा एखादा वर्ग गोव्यातल्या कोणत्याही महाविद्यालयात चालू राहिला, तर धर्मानंदांचे स्मारक तेथे उभे आहे असे समजावे.